सर्वसाधारण सभेत विनोद करण्याआधीची तयारी

महाराष्ट्रातील सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट उजाडला की पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था पाहुण्यांच्या शोधात निघतात आणि ‘आकडेवारीने लोक कंटाळतात, तुम्ही जरा हलकेफुलके बोला’ असे निमंत्रण हाती येते. ते स्वीकारताना विषय आणि वेळ कोणीही विचारून घेतो. विचारायचे राहते ते एवढेच, की माझ्या भाषणाच्या लगेच आधी व्यासपीठावर काय होणार आहे. गेल्या वर्षी मी ते विचारले नव्हते. अशा सभांत वर्षभरात निधन झालेल्या सभासदांना श्रद्धांजली हा विषय बहुधा सुरुवातीलाच असतो आणि पाहुण्यांना लवकर मोकळे करायचे म्हणून त्यांचे भाषणही पुढे ओढले जाते. सभागृह दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले, लोक खाली बसले, माझे नाव पुकारले गेले आणि मी म्हातारपण व गुडघेदुखीवरचा किस्सा सुरू केला. किस्सा वाईट नव्हता, पण त्या दोन मिनिटांनंतर तो कोणालाही ऐकवणे शक्य नव्हते. म्हणून कार्यक्रमपत्रिका मागून घ्यावी, आणि तोंडी उत्तरावर समाधान न मानता लेखी मागावी.

श्रोते कोण, त्यांचे वय काय, हे पाहावे. त्याविषयी अधिक सांगायला नको. जात, रंग, शरीर आणि ‘आमची ही’ या विषयांवरचे विनोद घरीच ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला विनोद तर मुळीच घेऊ नये, कारण तो सभागृहातील प्रत्येकाला तुमच्या आधीच पोहोचलेला असतो.

सामग्री त्या संस्थेतूनच गोळा करावी. वार्षिक अहवाल, मागील सभेचे इतिवृत्त आणि सूचनाफलक या तीन गोष्टी वाचल्या, तर पाण्याची टाकी, पार्किंग, भिंतीतली गळती आणि वर्षानुवर्षे ‘पुढील सभेत निर्णय घेण्यात येईल’ असे लिहिलेला एखादा ठराव हाती लागतोच. मुद्द्याला चिकटलेला विनोद फसला तरी मुद्दा शिल्लक राहतो. सुटा चुटका फसला तर हाती काहीच उरत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभांत लोक पोट धरून हसत, परंतु ते हसणे विरोधकाची बाजू लंगडी करण्याच्या कामी येई. याचा अर्थ अत्र्यांची नक्कल करावी असा कोणी घेऊ नये. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे एकाच व्यासपीठावरून कथाकथन करीत, आणि तिघांची बोलण्याची धाटणी निराळी होती. उसन्या आवाजाची गरज त्यांच्यापैकी कोणाला पडली नाही. तुम्ही वऱ्हाडी नसाल, तर वऱ्हाडी बोलून हशा मिळवू नका. मिळालाच, तर तो भाषेला हसलेला असेल.

मग लेखन. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, आणि हसवणारा शब्द त्याच्या आधीच येऊन गेला तर शेपटाखाली दबून मरतो. ‘लिफ्टला मंजुरी मिळाली तेव्हा माझे गुडघे शाबूत होते आणि लिफ्ट बसली तेव्हा फक्त मंजुरीच शाबूत राहिली होती, असे म्हणावे लागेल’ हे वाक्य कोणाला हसवणार नाही. तेच ‘लिफ्टला मंजुरी मिळाली, तेव्हा माझे गुडघे शाबूत होते. लिफ्ट बसली, तेव्हा शाबूत होती फक्त मंजुरी’ असे म्हटले, तर निदान संधी तरी मिळते. म्हणून प्रत्येक विनोदाचे शेवटचे वाक्य कागदावर लिहावे, मोठ्याने म्हणावे, आणि हसवणाऱ्या शब्दानंतर जे काही उरले असेल ते निर्दयपणे छाटावे. ‘एक गंमत सांगतो’ ही प्रस्तावनाही छाटावी. ती ऐकताच लोक हसायचे की नाही हे ठरवायला बसतात.

भाषणाचे दोन आराखडे हवेत. सत्कार, शाल-श्रीफळ आणि देणगीदारांची नावे यांत वेळ इतका जातो की वीस मिनिटांची आठ होतात. कोणते किस्से गळणार हे घरीच ठरलेले असावे. दुसरा आराखडा हा, की श्रद्धांजलीनंतर लगेच उभे राहावे लागलेच तर काय. तेव्हा पहिली काही मिनिटे विनोद नसावा. गेलेल्यांपैकी एखाद्याचे संस्थेतील काम आदराने सांगावे, तेथून संस्थेच्या कारभाराकडे यावे, आणि लोकांनी खुर्चीत हालचाल सुरू केल्यावर मगच पहिला हलका शब्द टाकावा. पत्रिका सभेच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारावी, कारण ती बदलते. आदल्या रात्री इमारतीत कोणी गेले असेल, तर तेही छापील पत्रिकेत नसते. सचिवांना ‘एकच गोष्ट किती वेळा विचारता’ असे वाटले तरी वाटू द्यावे.

सभागृहात लवकर पोहोचावे. ध्वनिक्षेपक तपासावा. पहिल्या रांगेतील सोफ्यावरचे मान्यवर सहसा मोकळेपणाने हसत नाहीत, म्हणून तिसऱ्या-चौथ्या रांगेकडे पाहून बोलावे. हशा तेथून सुरू होतो. मंडप उघडा असेल तर हशा विरून जातो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी ऐकू येतो, त्यामुळे बिचकू नये. ज्याच्यावर विनोद आहे तो खजिनदार समोर बसला असेल, तर त्याला आधी गाठून सांगावे. तो नको म्हणाला, तर विषय संपला. आणि व्यासपीठावर जाण्यापूर्वी सूत्रसंचालकाच्या कानाशी जाऊन, होय, आणखी एकदा, विचारावे: माझ्या आधी काय आहे?

बोलताना स्वतः हसू नये. हशा चालू असताना पुढचे वाक्य बोलू नये. तो उतरणीला लागला की बोलावे. कोणी हसले नाही तर विनोद समजावून न सांगता पुढे जावे. वेळेआधी थांबावे.

भाषण भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावे, लोक कोठे हसले त्याची खूण कागदावर करावी, आणि त्याच संस्थेने पुन्हा बोलावले तर तोच किस्सा सांगू नये, कारण इतिवृत्त लिहिणारा मागच्या वर्षीचाच असतो.