तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटं वाचन: या चुका टाळा

कडोली, येळ्ळूर, उचगाव… आपल्या बेळगाव भागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात, वाचनसंस्कृतीवर तळमळीची भाषणं होतात. आठवीच्या वर्गात पुस्तक उघडल्यावर काय होतं, ते मात्र कुणी बघायला जात नाही.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे ओळीने एकेक परिच्छेद वाचायला लावणं. खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात नव्या सरांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने आधी पुढची डोकी मोजली, मग बोटाने परिच्छेद. आपला सापडल्यावर ओठातल्या ओठात तयारी सुरू. मध्येच सरांनी एकाला वगळलं, हिशेब चुकला आणि तिच्या वाट्याला भलताच परिच्छेद आला. ‘निष्कर्ष’पाशी अडली ती अडलीच. मागून खीखी. वर सर म्हणाले, “घरी वाचून यायला काय होतं?” अहो, तिने धडा ऐकलाच कुठे? ती मोजदाद करत होती! त्यात आपल्याकडे हायस्कूल आठवीपासून. जूनमध्ये चार गावची पोरं एका वर्गात येतात, एकमेकांची नावंही धड माहीत नसतात. अशा अनोळख्यांत हसं झालेलं पोर पुढे तोंडच उघडत नाही.

मी स्वतः वाचते. टेबलामागून नाही, दाराजवळ उभं राहून, म्हणजे एसटी चुकलेली पोरं गुपचूप आत येऊन बसतात आणि वाचन थांबत नाही. गोष्टीतल्या विहिरीत कोण पडलंय ते कळायच्या आत पुस्तक मिटायचं आणि टेबलावरच ठेवून द्यायचं. मधल्या सुट्टीत कुणीतरी पानं उलटतंच. स्वतःहून वाचतो म्हणणाऱ्याला वाचू द्यावं, पण बोट दाखवून उठवू नये.

गोष्ट संपताच “यातून काय बोध घेतला?” विचारू नका. पोरं लगेच परीक्षेच्या चेहऱ्याने बसतात.

वाचन चालू असताना हजेरी घेऊ नका. मोबाइल तर नकोच. तुम्ही स्क्रीनकडे बघताय हे शेवटच्या बाकालाही दिसतं.

जूनमध्ये सुरू करून जुलैत “आमच्या पोरांना गोडीच नाही” म्हणणाऱ्या नव्या शिक्षकांना काय सांगावं? निदान दिवाळीपर्यंत थांबा की!

पुस्तकं नाहीत ही सबबही नको. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. दोन पानं झेरॉक्स काढली तरी आठवडा निघतो. व्हॉट्सॲपवरच्या बोधकथा मात्र कृपा करून वर्गात आणू नका.

आणि कुणी कन्नड गोष्टीचं पुस्तक काढून बसलं तर हिसकावू नका. मराठीच्या तासाला कन्नड कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालणारे सहकारी भेटतीलच. पोर वाचतंय ना, वाचू दे.