सेदेरच्या जेवणाला पहिल्यांदा जाताना

ठाण्यात किंवा अलिबागकडे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, दोस्त असतील, तर चैत्रात कधीतरी बोलावणं येतं: ‘संध्याकाळी घरी या, सेदेर आहे.’ सेदेर म्हणजे पेसाह या ज्यू सणातलं विधीचं जेवण. पेसाह ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला सुरू होतो, म्हणून बहुतेक वर्षी हनुमान जयंतीला खेटूनच असतो.

आधी पाचच्या सुमाराला घरून काहीतरी खाऊन निघा. हे नुसतं जेवण नव्हे. आधी हागादा वाचतात, म्हणजे ज्यू लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटल्याची कथा, आणि पोरांचे प्रश्न सुरू झाले की पानं वाढायला तास-दीड तास सहज लागतो.

हातात फुलं किंवा अख्खी फळं न्या. पाव, केक, बिस्किटं अजिबात नकोत. आठ दिवस घरात खमीर चालत नाही. पहिल्या वर्षी मी बाकरवडीचा पुडा नेला होता. काकूंनी हसत घेतला आणि तसाच शेजारच्या जोशांकडे पोचवला!

आत शिरताना ‘हाग समेआह’, म्हणजे सणाच्या शुभेच्छा, म्हणा. पुरुषांनी डोकं झाकावं, साधा रुमालही चालतो.

समोरच्या तबकातलं सांगितल्याशिवाय उचलू नका. मिठाच्या पाण्यात बुडवलेली पालेभाजी म्हणजे गुलामांचे अश्रू. कडू पाला खाताना तोंड वाकडं झालं तरी चालतं, तो त्यासाठीच असतो. खजुराचं हारोसेत म्हणजे गुलामांनी केलेल्या विटांचा चिखल, मात्र चवीला इतकं गोड की मात्साच्या, म्हणजे बिनखमिराच्या रोटीच्या, तुकड्यावर दुसऱ्यांदा घ्यावंसं वाटतं. मात्सा दिसायला जाडसर खाकऱ्यासारखी. भाजलेलं हाड फक्त दाखवायला, खायला नाही.

द्राक्षारसाचे चार पेले होतात. वाईन नको असेल तर सांगा. काळ्या मनुकांचं सरबत बेने इस्राएल घरांना नवं नाही. कथेत मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना सगळे पेल्यातून थेंब काढतात, तुम्हीही काढा.

वाचायची पाळी आली तर लाजू नका. पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हागादा छापली गेली. तिच्या चित्रांत मात्सा करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत.

रस्सा नारळाच्या दुधातला असतो. त्यासोबत दही मागू नका, मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. शाकाहारी असाल तर आमंत्रण आलं तेव्हाच सांगून टाका.

जेवण झालं की लगेच उठू नका, गाणी बाकी असतात. आणि एक भरलेला पेला कुणीच पीत नसेल, तर उगाच हात लावू नका. तो एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्यासाठी ठेवलेला असतो.