जपानी व्हॉल्व्ह रेडिओ: पहिल्यांदा प्लग लावण्याआधी या चुका टाळा

१९५०-६० च्या दशकांतला जपानी टेबल रेडिओ घरी आला की हात शिवशिवतात ते प्लग लावून बघायला. अर्धं शतक कपाटात सुखरूप राहिलेला सेट बहुतेकदा याच पाच मिनिटांत जातो. इथे बोलतोय ते मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या (म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या) पाच व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या सेटबद्दल, कारण बाजारात तेच जास्त सापडतात.

व्होल्टेजचा हिशेब न करणे

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्ट. या सेटमध्ये १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ३०ए५ (स्पीकर चालवणारा) आणि ३५डब्ल्यू४ (एसीचं डीसी करणारा) या व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एका माळेत असतात. नावातला पहिला आकडा म्हणजे साधारण हीटरचं व्होल्टेज. १२.६ तीनदा, अधिक ३० आणि ३५: बेरीज १०२.८. सगळा सेट या बेरजेवर उभा आहे. ३०ए५ मिळत नाही म्हणून अमेरिकन सेटमधला ५०सी५ खोचला, तर बेरीज १२३ च्या आसपास जाते, सगळेच हीटर उपाशी राहतात आणि आवाज मलूल येतो.

आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणून व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. पण दुकानात मिळणारे बरेच 'कन्व्हर्टर' ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे इनपुट आणि आउटपुटला एकच वाइंडिंग. तपासायला सोपं आहे: तो प्लगमधून काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक इनपुटच्या पिनेला आणि दुसरं आउटपुटला लावा. थोडेसेही ओहम दिसले, तर दोन्ही बाजू आतून जोडलेल्या आहेत. असा नको. या सेटची चॅसी (आतला धातूचा सांगाडा) बहुधा थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज. मग बटणाचा बारीक स्क्रू, तळाचे स्क्रू, मागचं पिकअपचं (रेकॉर्ड प्लेअर जोडायचं) टर्मिनल, कशालाही हात लागला तरी झटका. वेगळ्या वाइंडिंगचा, १०० व्होल्ट आउटपुटचा (११० नव्हे), ५०-६० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो.

पहिल्यांदा चालू करताना २३० च्या बाजूला ६० वॅटचा साधा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये ठेवा. हीटर थंड असताना तो क्षणभर उजळेल, मग मंदावेल. उजळतच राहिला तर लगेच बंद करा.

'वाजतोय ना' म्हणून जुने कंडेन्सर ठेवणे

मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर वाजतानाही गळका असतो. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे १२एव्ही६ च्या प्लेटपासून ३०ए५ च्या ग्रिडकडे (करंट नियंत्रित करणाऱ्या जाळीकडे) जाणारा, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, ३०ए५ मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढतो, आवाज फाटतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ग्रिडवर एक व्होल्टही पॉझिटिव्ह दिसला तर मोजत बसू नका, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावा. खरं तर न मोजताच बदलावा.

घूंऽऽ असा आवाज घालवायला फिल्टरमध्ये (डीसी गुळगुळीत करणाऱ्या भागात) १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकणारे पुष्कळ. ३५डब्ल्यू४ नंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ४० मायक्रोफॅरड आहे. पुढे गेलात तर त्या व्हॉल्व्हचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) मरतो.

डायलच्या दिव्याकडे दुर्लक्ष

हा दिवा शोभेचा नाही. ३५डब्ल्यू४ च्या ४ आणि ६ या पिनांमधल्या हीटरच्या तुकड्याला तो समांतर असतो आणि करंटचा वाटा उचलतो. दिवा गेला की सगळा भार त्या तुकड्यावर येतो आणि हीटर तुटतो. ६.३ व्होल्ट, ०.१५ अँपिअरचाच बल्ब लावा. एलईडी करंट वाटून घेत नाही, म्हणून नको.

एकही व्हॉल्व्ह पेटत नसेल तर पाचही काढून प्रत्येकाच्या ३ आणि ४ पिनांमध्ये कंटिन्युइटी बघा. पाचांचाही हीटर त्याच पिनांवर आहे.

स्क्रूड्रायव्हर घेऊन आयएफकडे धावणे

आयएफ म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीच्या कॉइल, त्यांचे गाभे फिरवून सेट जुळवतात. पण स्टेशनं कमी लागतात याचं कारण क्वचितच ही जुळणी असते. आधी कंडेन्सर आणि वाढलेले रेझिस्टर बघा. आयएफचा गाभा ठिसूळ असतो. लोखंडी टोकाने फिरवला की फुटून तिथेच अडकतो. फिरवायचाच तर प्लास्टिकचं हत्यार आणि ४५५ किलोहर्ट्झचा सिग्नल हवा.

डायलच्या काचेचं मात्र आधीच सांगायला हवं होतं: अक्षरं बहुधा काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. पुढची बाजू ओल्या फडक्याने पुसा, मागे फक्त कोरडा मऊ ब्रश. साबणाचं पाणी लागलं की आकडे फडक्यावर येतात.