स्थितिक विद्युतचे प्रयोग घरी करताय? आधी हवा बघा, मग फुगा फुगवा

भाचीच्या सातवीच्या प्रोजेक्टसाठी जुलैत आम्ही फुगा घेऊन बसलो होतो, पंधरा मिनिटं डोक्यावर घासला तरी कागदाचा एक कपटा हलेना, आणि ती रडवेली होऊन म्हणाली मावशी पुस्तकात खोटं लिहिलंय. पुस्तक बरोबरच होतं. बाहेर धो धो पाऊस होता आणि तिच्या केसांना सकाळीच खोबरेल तेल चोपडलेलं होतं, तिथेच सगळं बिनसलं. दोन वस्तू घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात आणि दोन्हींवर प्रभार (चार्ज) येतो, पण हवा दमट असेल तर वस्तूवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यातून तो प्रभार गळून जातो, जमायलाच मिळत नाही.

म्हणून हे प्रयोग डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारी करा. नागपूर-अकोल्याकडे तर एप्रिल-मेमध्येही झकास होतात. मुंबई-कोकणात असाल तर एसीच्या खोलीत बसा, किंवा सगळं सामान आधी उन्हात नाहीतर हेअर ड्रायरने वाळवून घ्या. केस शाम्पूने धुतलेले, पूर्ण सुकलेले आणि बिनतेलाचे हवेत.

खरं सांगायचं तर फुग्यापेक्षा प्लंबरकडे मिळतो तो अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप भारी, हातभर तुकडा आणा आणि जुन्या लोकरीच्या मफलरने एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा जोरात घासा. मफलर खरंच लोकरीचा आहे ना बघा, बाजारात बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. लोकरीने घासल्यावर पाइपवर ऋण प्रभार येतो.

आता कागदाच्या कपट्यांसोबत टिफिनच्या फॉइलचेही बारीक तुकडे टेबलावर टाका आणि पाइप जवळ न्या. कागद चिकटून बसतो, पण फॉइल उडी मारून चिकटते आणि लगेच दूर फेकली जाते. हे नीट बघा, बहुतेक मुलं इथेच घाई करतात! तुकड्यावर स्वतःचा प्रभार नसतो, पण पाइप जवळ आला की त्यातले इलेक्ट्रॉन लांबच्या बाजूला सरकतात, जवळची बाजू धन होते म्हणून तो ओढला जातो, आणि एकदा पाइपला टेकला की पाइपचाच ऋण प्रभार त्याच्यावर येतो मग दोघं एकमेकांना ढकलतात. आकर्षण आणि प्रतिकर्षण दोन्ही एकाच प्रयोगात मिळतं. नळाची बारीक धार वाकवायचा प्रयोग पण करून बघा, धार दोऱ्यासारखी बारीक ठेवा आणि पाइप ओला होऊ देऊ नका, बस.

प्रोजेक्टसाठी मात्र मी म्हणेन की विद्युतदर्शीच बनवा, म्हणजे वस्तूवर प्रभार आहे की नाही ते दाखवणारं उपकरण. पुस्तकातला सोन्याच्या पानांचा असतो, अब्राहम बेनेटने १७८७ च्या सुमारास केलेला, आपल्याला फॉइल चालते. काचेची कोरडी बरणी घ्या, प्लॅस्टिकच्या झाकणाची. झाकणाला भोक पाडून संपलेल्या बॉलपेनची नळी घट्ट बसवा आणि त्यातून तांब्याची जाड तार घाला, वरचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून. झाकण पत्र्याचं असेल तर तार त्याला कुठेही टेकता कामा नये नाहीतर प्रभार झाकणावर पसरतो आणि हात लागला की गेला. तारेच्या खालच्या टोकाला आकडा करा, त्यात फॉइलच्या चार सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर रुंद दोन पट्ट्या शेजारी शेजारी अडकवा. पट्ट्यांची भोकं सैल हवीत, नखाने इस्त्री केल्यासारख्या सपाट हव्यात, नव्वद टक्के गडबड इथेच होते. वरच्या टोकाला फॉइलचा गोळा घट्ट दाबून बसवा.

घासलेला पाइप गोळ्याजवळ न्या, पट्ट्या फाकतात, लांब नेला की मिटतात. पाइप गोळ्यावरून घासत नेलात तर पाइप काढल्यावरही फाकलेल्याच राहतात, मग बोट लावलं की मिटतात कारण प्रभार आपल्या अंगातून जमिनीत जातो. आणि माझा सगळ्यात आवडता भाग, पाइप जवळ धरून ठेवा, तसंच गोळ्याला बोट लावा, आधी बोट काढा आणि मग पाइप. पट्ट्या फाकतात, पण आता त्यांच्यावर धन प्रभार आहे! खात्री करायला तोच पाइप पुन्हा हळूहळू जवळ आणा, पट्ट्या मिटायला लागतील. परीक्षक हाच प्रश्न विचारतात, प्रभार धन कशावरून, तर उत्तर करूनच दाखवता येतं.

थोडं मोठ्या मुलांसाठी ठिणगी. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा सपाट तुकडा लोकरीने घासा. स्टीलच्या छोट्या ताटलीच्या मधोमध प्लॅस्टिकचा कोरडा ग्लास चिकटवून मूठ करा, ताटली थर्माकोलवर ठेवा, ताटलीला बोट लावून काढा, मग ग्लासला धरून ताटली उचला आणि बोट जवळ न्या, टच्च. व्होल्टाने १७७५ मध्ये लोकांपुढे आणलेलं यंत्र हेच. थर्माकोल पुन्हा न घासताही बऱ्याच वेळा ठिणगी मिळते. अंधारात बोटाऐवजी नेहमीच्या टेस्टरचं टोक लावा, मागच्या टोपीवर बोट ठेवून, आतला दिवा क्षणभर लुकलुकतो. पण टेस्टर फक्त ताटलीलाच, घरच्या सॉकेटजवळ हे सामान न्यायचंच नाही, आणि ठिणगीचा प्रयोग गॅसच्या शेगडीपाशी, सॅनिटायझर किंवा पेट्रोलजवळ अजिबात नको.

वहीत प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमधली आर्द्रता लिहा, आणि दहा वेळा घासून किती कपटे उचलले तेही. फसलेले दिवस खोडू नका, भाचीच्या तक्त्यात जुलैचा शून्य तसाच ठेवलाय आणि जानेवारीचे आकडे त्याच्याशेजारी. प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये गर्दी झाली की श्वासांनी हवा दमट होते, तेव्हा हेअर ड्रायर, एक्स्टेंशन बोर्ड आणि जास्तीच्या फॉइल पट्ट्या पिशवीत ठेवा, आणि परीक्षक आपल्या टेबलापाशी यायच्या आत बरणी एकदा गरम हवेने वाळवून घ्या.