गुणाकार 360, स्कोपवर 110: तीन ट्रान्झिस्टरचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

प्रत्येक स्टेजचा (एका ट्रान्झिस्टरच्या टप्प्याचा) गेन, सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, कागदावर 19 येतो, म्हणजे दोन स्टेजचा 360. जोडून स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) मोजलं की 110 च्या आसपास मिळतो. ट्रान्झिस्टर खराब नसतो. पुढच्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्स मागच्या कलेक्टरवर लोड होऊन बसतो आणि तो हिशेबात धरलेला नसतो. म्हणून डिझाइन आउटपुटकडून इनपुटकडे करत यावं.

सप्लाय 12 व्होल्ट, तीन बीसी547बी, आणि आउटपुटला 32 ओहमच्या हेडफोनचा एकच कान. तिसरा ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर (व्होल्टेज न वाढवता करंट पुरवणारी स्टेज): बेस थेट दुसऱ्याच्या कलेक्टरला, एमिटरला 330 ओहम. त्यातून साधारण 18 मिलिअँपिअर वाहतो, म्हणून हेडफोनवर अर्ध्या व्होल्टपर्यंतचं पीक स्वच्छ मिळतं. त्यापुढे वेव्हची खालची बाजू कापली जाते. बीटा (ट्रान्झिस्टरचा करंट गेन) 200 धरला तर याचा इनपुट रेझिस्टन्स सुमारे 5.8 किलोओहम.

पहिल्या दोन स्टेज अगदी सारख्या. बेसला वरून 47 किलोओहम, खालून 10 किलोओहम, कलेक्टरला 4.7 किलोओहम, एमिटरला 220 ओहम आणि त्याखाली 1.2 किलोओहम. 100 मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर (सिग्नलला रेझिस्टर टाळून वाट देणारा) फक्त 1.2 किलोओहमवर लावायचा. 220 ओहम मुद्दाम मोकळा ठेवलाय, त्यामुळे ट्रान्झिस्टर बदलला तरी गेन फारसा हलत नाही.

आता खरा हिशेब. करंट 1 मिलिअँपिअर, म्हणून ट्रान्झिस्टरचा आतला एमिटर रेझिस्टन्स 25 ओहम. 220 मिळवून 245. दुसऱ्या स्टेजला 4.7 आणि 5.8 पॅरलल, म्हणजे 2.6 किलोओहम: गेन 10.6. तिचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स सुमारे 7 किलोओहम, म्हणून पहिलीचा गेन 11.5. गुणाकार 120, फॉलोअरमध्ये थोडा जातो. आता स्कोप आणि कागद जुळतात.

इनपुटला 1 मायक्रोफॅरड पुरतो, 23 हर्ट्झपासून. स्टेजच्या मध्येही 1 मायक्रोफॅरड, प्लस टोक पहिल्या कलेक्टरकडे. आउटपुटला 470 मायक्रोफॅरड, प्लस एमिटरकडे, आणि त्यानंतर ग्राउंडला 1 किलोओहम. सप्लाय चालू करताना हेडफोन कानाला लावू नका, कपॅसिटर चार्ज होताना जोराचा 'ठप्' येतो.

बीसी547 ची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. 2एन3904 मध्ये हाच क्रम उलटा असतो, आणि प्रयोगशाळेतल्या डब्यात दोन्ही मिसळलेले असतात.

बिघाड शोधताना सिग्नल काढून आधी डीसी मोजा. बेस 2.1, एमिटर 1.4, कलेक्टर 7 व्होल्टच्या आसपास हवा. फॉलोअरचा एमिटर 6 च्या जवळ. एका स्टेजचा कलेक्टर 12 दाखवत असेल तर ट्रान्झिस्टर बंद आहे: 47 किलोओहमचा पाय सुटलाय किंवा एमिटरची लाइन तुटलीये. काही ब्रेडबोर्डची लांब ग्राउंड पट्टी मध्येच तुटलेली असते, तिथे आधी बघा. कलेक्टर आणि एमिटर जवळजवळ एकाच व्होल्टेजवर असतील तर सॅच्युरेशन (ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होऊन अडकलाय): 10 किलोओहम सुटलाय किंवा बायपास कपॅसिटर शॉर्ट आहे. दुसरा बेस 2.1 च्या बराच वर असेल तर मधला कपॅसिटर उलटा किंवा लीक आहे.

डीसी बरोबर, पण एखाद्या स्टेजचा गेन 11 वरून 2 वर? त्या स्टेजचा बायपास कपॅसिटर सुटलाय.

सिग्नल मोबाइलमधून देता येतो, 1 किलोहर्ट्झचा टोन, पण थेट नाही. 10 किलोओहम आणि 100 ओहमचा डिव्हायडर लावून तो शंभरपट कमी करा. इनपुटला 4 मिलिव्होल्ट पीक ही मर्यादा आहे. हे न केल्यामुळे अनेक चांगली सर्किट 'डिस्टॉर्शन येतं' म्हणून उगाच उसकटली जातात.

इनपुट नसतानाही फटफट आवाज येतो, तेव्हा फॉलोअरचा करंट सप्लाय हलवतोय आणि तेच पहिल्या स्टेजला पोचतंय. पहिल्या स्टेजचा सप्लाय 220 ओहममधून द्या, तिथे ग्राउंडला 100 मायक्रोफॅरड लावा. घूं असा आवाज असेल तर 9 व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा, हे बायस (ट्रान्झिस्टरला दिलेली डीसी मांडणी) तेवढ्यावरही चालतं. आवाज गेला तर दोष अ‍ॅडॉप्टरचा. राहिला तर इनपुटची वायर आखूड करा, शील्डेड घ्या.

8 ओहमचा स्पीकर इथे जोडू नका. 18 मिलिअँपिअर त्याला पुरत नाही, दीड मिलिवॉटसुद्धा मिळत नाही. त्यासाठी बीडी139 आणि बीडी140 या ट्रान्झिस्टरची पुश-पुल जोडी (एक वेव्हची वरची बाजू, दुसरा खालची बाजू सांभाळतो) हवी, आणि तिचा इनपुट रेझिस्टन्स धरून मागचं सगळं गणित पुन्हा.