उपासनेनंतरच्या फेअर ट्रेड कॉफीची तयारी

अमेरिकेतल्या आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर फेअर ट्रेड कॉफी, म्हणजे शेतकऱ्यांना रास्त भाव देऊन घेतलेली कॉफी, द्यायचे ठरले, तेव्हा मी घाईत बारीक दळलेली कॉफी मागवली आणि पहिल्याच रविवारी लोकांनी अर्धे कप ओतून दिले. ही यादी त्यामुळेच लिहीत आहे.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या कौन्सिलची मंजुरी घ्यावी, हे सांगायला नको. खरेदी कोणाकडून करायची, हे मात्र नीट ठरवावे. मॅसॅच्युसेट्समधील इक्वल एक्सचेंज ही कामगारांची सहकारी संस्था १९८६ पासून या व्यवहारात आहे आणि लुथरन वर्ल्ड रिलीफ या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या साथीने १९९६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून ती थेट मंडळ्यांना कॉफी पुरवते. दुसरीकडून घ्यायची असल्यास पुड्यावरचे चिन्ह तपासावे : फेअरट्रेड इंटरनॅशनल या प्रमाणपत्र व्यवस्थेच्या चिन्हाची कॉफी छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनांकडूनच येते, तर तिच्यातून २०११ मध्ये वेगळ्या झालेल्या फेअर ट्रेड यूएसएच्या चिन्हाखाली मोठ्या मळ्यांचीही असू शकते.

आता दळण. चर्चच्या मोठ्या पर्कोलेटरला भरड, जाड्या रव्यासारखी पूडच लागते, कारण त्यात गरम पाणी मधल्या नळीतून वर चढून जाळीच्या टोपलीतल्या पुडीवर पुन्हा पुन्हा पडते आणि पूड बारीक असली की छिद्रे बुजून गाळ थेट कॉफीत उतरतो. मागणी नोंदवतानाच ‘पर्कोलेटरसाठी भरड’ असे लिहावे. पुडा आला की उघडून पूड बोटांत चोळून पाहावी. वरच्या छापील शब्दांवर विसंबू नये. अख्ख्या बिया आल्या असतील, तर शनिवारच्या आत त्या भरड दळून आणाव्यात. पुन्हा सांगतो, भरड! कडू कपाचा दोष लोक दळणाला देत नाहीत, फेअर ट्रेडला देतात, आणि मग पंचांना सुपरमार्केटचा डबाच बरा वाटू लागतो.

कॉफी महाग का, हे विचारले जाईलच. उत्तर कागदावर लिहून टेबलाशी लावावे : अरेबिका जातीच्या, धुऊन तयार केलेल्या कॉफीचा फेअरट्रेड किमान दर ऑगस्ट २०२३ मध्ये पौंडाला १.८० डॉलर झाला. बाजारभाव त्याहून वर गेला तर शेतकऱ्यांच्या संस्थेला बाजारभाव मिळतो, आणि त्यावर पौंडामागे २० सेंट जादा मिळतात, ज्यांचा उपयोग संस्थेचे सभासद स्वतः ठरवतात.

१०० कपांच्या भांड्याला थंड पाणी, अर्धा किलोच्या आसपास पूड (भरड) आणि सुमारे तासभर लागतो, त्यामुळे उपासना सुरू होण्यापूर्वीच बटण दाबावे. डीकॅफ (कॅफिन काढलेली कॉफी) वेगळ्या भांड्यात. दूध, साखर, कप. घरी नेण्यासाठी पुडे विकणार असल्यास सुटे पैसे ठेवावेत आणि हिशेब त्याच दिवशी खजिनदाराकडे द्यावा. गाळ मोरीत टाकू नये.