दोन क्रेडिटच्या पेपरकडे आधी बघा

मुंबईत पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी बहुतेक मुलं बारावीचं गणित सोबत घेऊन येतात: एकूण किती टक्के पडले? कॉलेजात हा प्रश्न मागे पडतो. पदवी मोजली जाते क्रेडिटमध्ये, सरकारी भाषेत श्रेयांकांत. आणि ती अडकते बहुधा मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, अवघड पेपरात नाही, तर 'हा काय, होऊन जाईल' म्हणून सोडलेल्या दोन क्रेडिटच्या विषयात.

एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास लेक्चर किंवा ३० तास प्रॅक्टिकल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एका सत्राला साधारण २२ क्रेडिट धरतात आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ लागतात. पहिल्या सत्राची नेहमीची वाटणी अशी: मेजर ६ (४ आणि २ असे दोन पेपर), ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडलेले विषय ४ (२ आणि २ असे दोन पेपर), आणि व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहशैक्षणिक उपक्रम) यांना प्रत्येकी २. स्वायत्त कॉलेजात यात फरक असतो, म्हणून आपल्या विभागाचा अभ्यासक्रम पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्या आणि प्रत्येक विषयासमोर त्याचे क्रेडिट लिहून ठेवा.

आता ग्रेड. ओ म्हणजे १० पॉइंट, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. विषयाचे पॉइंट गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट: हा झाला एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची सरासरी. समजा, मेजरच्या ४ क्रेडिटच्या पेपरात बी प्लस मिळाला (२८) आणि २ क्रेडिटच्या पेपरात ए (१६). उरलेले आठ विषय २ क्रेडिटचे. त्यांत ए प्लस, ओ, सी असं सगळं धरून १२० पॉइंट झाले. बेरीज १६४, भागिले २२, म्हणजे ७.४५. मोठ्या पेपरात एक ग्रेड वर सरकलात तर ०.१८ ची भर, लहानात ०.०९. गुण वाढवायचे असतील तर मेहनत मोठ्या पेपरावर घाला. पण उत्तीर्ण सगळ्यांतच व्हावं लागतं. नापास विषयाचे क्रेडिट खात्यात जमा होत नाहीत आणि इतर विषयांतले जादा गुण ती जागा भरून काढत नाहीत.

इंटर्नल (कॉलेजातलं अंतर्गत मूल्यमापन) आणि लेखी परीक्षेचं उत्तीर्ण होणं वेगवेगळं मोजलं जातं का, हेही अभ्यासक्रमातच पाहा. ६०:४० च्या रचनेत दोन्हींकडे स्वतंत्र ४० टक्क्यांची अट असेल, तर लेखीत ६० पैकी २४ आणि इंटर्नलमध्ये ४० पैकी १६ लागतात. लेखीत ४५ मिळवून इंटर्नलच्या असाइनमेंटपायी केटी लागणं (विषय राहून पुन्हा परीक्षा द्यावी लागणं) फार जिव्हारी लागतं, आणि ते टाळणं पूर्ण आपल्या हातात असतं. असाइनमेंट दिलीत की पोच घ्या, निदान फोटो काढून ठेवा.

सीसीचे क्रेडिट एनएसएस, एनसीसी, खेळ किंवा सांस्कृतिक कामातून मिळतात. इथे घात होतो तो सह्यांचा. काम झालं त्याच दिवशी डायरीत तारीख, तास आणि सही घ्या. मार्चमध्ये जूनच्या तासांवर सही द्यायला कोणी तयार होत नाही. शेवटच्या वर्षाच्या ओजेटीचंही (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाचंही) तेच. ४ क्रेडिटसाठी साधारण १२० तास लागतात. लोअर परळच्या कंपनीत केलं काय किंवा डोंबिवलीतल्या सीएच्या ऑफिसात, प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, शिक्का आणि सही हवीच. 'चांगलं काम केलं' एवढ्याच ओळीचं पत्र परत येतं.

केटी राहिली तर पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो, पण मर्यादेतच. किती विषय चालतात आणि कोणतं सत्र सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे शाखेप्रमाणे बदलतं. मित्राच्या सांगण्यावर न राहता परीक्षा विभागाच्या नोटिसा वाचा. निकाल लागला की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत थोडीच असते. निकालाच्या दिवशीच ती तारीख टिपून घ्या.

आणखी एक काम पहिल्याच महिन्यात उरका: डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिट जमा राहण्याच्या सरकारी ऑनलाइन खात्याचा, बारा अंकी आयडी. कॉलेज बदललं किंवा मध्येच शिक्षण थांबवलं तर इथे जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं धरले जातात. एक वर्ष पूर्ण करून सर्टिफिकेट किंवा दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण त्यासाठी ४ क्रेडिटचं जादा कौशल्याचं काम करावं लागतं. आधारवर 'संतोष गणपत' आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर 'संतोष गणपतराव' असेल, तर आयडी जोडताना अडचण येते. ही दुरुस्ती परीक्षेचा अर्ज भरण्याआधी करा. नंतर तेच नाव गुणपत्रिकांवर चढत जातं आणि पदवी प्रमाणपत्राच्या वेळी एकेक कागद बदलून घ्यायला कलिन्याला विद्यापीठात खेपा घालाव्या लागतात.